स्वखुशीने

महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली की काही शब्द माणसाच्या बोटांत जाऊन बसतात. ‘सबब’, ‘सदरहू’, ‘उपरोक्त’. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी परवा मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं लिहून गेलो आणि तिनं ते घरच्या ग्रुपवर टाकून माझी यथेच्छ थट्टा केली. हे शब्द निरुपद्रवी आहेत. एक शब्द मात्र तसा नव्हता, आणि तो मी किती जबाबांत लिहिला याची मोजदाद माझ्याकडे नाही. ‘स्वखुशीने’.

पहिला प्रसंग १९९४चा. तेव्हा ठाणे जिल्हा अखंड होता आणि मी त्यातल्या एका तहसील कचेरीत लिपिक होतो. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका वीटभट्टीवरून पळून आलेलं कातकरी जोडपं संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कचेरीत आणलं होतं. साहेब म्हणाले, “जबाब घ्या.” मी घेतला. म्हणजे मीच लिहिला: ‘आम्ही स्वखुशीने कामास गेलो होतो. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ दोघांचे अंगठे घेतले. दुपारी भट्टीचा शेठ आला, साहेबांबरोबर चहा प्याला आणि जाताना त्या दोघांना आपल्या जीपमधून घेऊन गेला. एवढ्या उन्हात त्यांना चालत जावं लागलं नाही, शेठ माणूस चांगला दिसतो, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

भट्टीचा व्यवहार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कातकरी हे नावच कातावरून आलेलं. खैराच्या झाडापासून कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा. जंगल कायद्यांनी खैर हातचा गेला आणि मागे राहिली मजुरी. जमीन बहुतेकांकडे नाहीच. भाताची लावणी आटपली की पाड्यावर काम नसतं, श्रावण-भाद्रपदात डब्यातले तांदूळ संपतात, पोर तापानं फणफणतं, गौरी-गणपती तोंडावर येतात. नेमक्या त्या दिवसांत भट्टीवाल्याचा माणूस मोटारसायकलवरून पाड्यावर येतो आणि विचारतो, “किती देऊ?” ही उचल. कुठे तिला बयाणा म्हणतात. दिवाळी झाली की बिऱ्हाड भट्टीवर जातं, तिथल्याच कच्च्या विटांची खोपी उभी करतं आणि पाऊस येईपर्यंत तिथेच राहतं. पहाटे तीन-चारला उठून माती कालवायची, साच्यात थापायची, विटा ओळीनं पाडत जायच्या. थापलेली वीट एका बाजूनं सुकली की उलटावी लागते, आणि ते काम लहान मुलांचं असतं, कारण ओल्या विटांच्या मधून त्यांचीच पावलं जातात. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते. बाकी सगळं शेठच्या वहीत. किती विटा पडल्या, किती फुटल्या, कोणत्या दिवशी खाडा झाला, दवाखान्याला किती गेले, हे लिहिणारा शेठ आणि वाचणाराही शेठच. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा बाकी निघते ती मजुराकडे. ती फेडायला पुढच्या दिवाळीत पुन्हा यायचं.

या सगळ्याला कायद्यात एक नाव आहे: वेठबिगार. बिगार हा शब्द आपल्याकडे इतका जुना आणि इतका मुरलेला आहे की भारताच्या संविधानाच्या इंग्रजी मसुद्यातही अनुच्छेद २३मध्ये ‘बेगार’ हाच शब्द देशी रूपात ठेवावा लागला. याच ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूला, एके काळी ‘लग्नगडी’ असायचे. लग्नासाठी सावकाराकडून रक्कम घेतलेला वारली गडी आणि त्याची बायको जन्मभर त्याच्याकडे राबायची. सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९३९च्या अहवालात हे लिहून ठेवलं होतं. अहवालानं काही झालं नाही. १९४५मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे गेले, वारल्यांनी वेठ करायला नकार दिला, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबारात पाच माणसं मेली आणि लग्नगडी सुटले. कायदा तिथे पोचला त्यानंतर तीस वर्षांनी.

तो कायदा म्हणजे वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा १९७६चा अधिनियम. आणीबाणीत, वीस कलमी कार्यक्रमाच्या धामधुमीत, ऑक्टोबर १९७५मध्ये वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. आणीबाणीबद्दल ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं, पण हा कायदा मी अनेकदा वाचला आहे आणि इतका सरळ कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. साखळदंड, कुलूप, चाबूक यांपैकी काहीही सिद्ध करायला तो सांगत नाही. उचल किंवा रूढी यांच्यापायी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, किंवा त्याला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, किंवा हवं तिथे जाता-येता येत नसेल, तर तो वेठबिगार. यांतलं एक असलं तरी पुरे. असं कर्ज कायद्यानं आपोआप संपतं. संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणं हाही गुन्हा. आणि कलम १५: मजुरानं म्हटलं की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची.

सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात १९८२मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की जबरदस्ती फक्त काठीची नसते, भुकेचीही असते. किमान वेतनाहून कमी पैशांत कोणी राबत असेल तर ती सक्तीच समजावी. नंतर फरीदाबादच्या दगडखाणींबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चानं लिहिलेलं एक पत्रच न्यायालयानं याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि म्हटलं की सक्तीचं काम दिसलं की त्यामागे उचल आहे असं गृहीत धरा, मजुराकडे पुरावा मागत बसू नका.

म्हणजे मी १९९४मध्ये ‘स्वखुशीने’ लिहिलं तेव्हा त्या शब्दाला कायद्याच्या लेखी बारा वर्षांपासून काही किंमत नव्हती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कोणाला विचारलं नव्हतं.

२०१७च्या फेब्रुवारीत मी नायब तहसीलदार होतो. आमच्या प्रांताधिकारी वयानं माझ्या मुलीएवढ्या. तक्रार आली म्हणून आम्ही एका भट्टीवर गेलो. नवरा-बायको आणि अकरा वर्षांची मुलगी, तिसरा हंगाम, मूळ उचल बावीस हजारांची, आणि तीन हंगाम विटा पाडूनही वहीत बाकी चौदा हजार. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून नेहमीच्या वळणानं जबाब लिहायला घेतला. मॅडमनी खांद्यावरून वाचलं.

“रावसाहेब, हे उत्तर झालं. तुम्ही प्रश्न काय विचारलात?”

मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी ‘स्वखुशीने’ खोडायला लावलं आणि त्या बाईसमोर उकिडव्या बसून स्वतः विचारायला लागल्या. प्रश्न अगदी साधे होते. दिवाळीनंतर पलीकडच्या भट्टीवर जायचं ठरवलं असतं तर?

“वही पुरी केल्याबिगर कसं जानार बाई?”

बाजाराला कोण जातं?

“म्या गेले तर ह्यो थांबतो. ह्यो गेला तर म्या.”

दोघं मिळून कधी बाहेर गेलात?

बाईनं जरा आठवलं. “सासू मेली तवा. पोरीला हितं ठिवून.”

तेवीस वर्षं या टापूत नोकरी करून हा प्रश्न मला सुचला नव्हता. कुलूप कुठेच नव्हतं. भट्टीला कुंपणसुद्धा नव्हतं. मुलगी होती. मॅडमनी सगळं तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की कायद्याच्या व्याख्येतली एकेक अट ती बाई कायदा न वाचता सांगत होती.

शेठ आला. मी त्याला खलनायक करणार नाही. त्यालाही बिल्डरकडून विटांचे पैसे वेळेवर मिळत नव्हते, हे पंचनाम्यातच आहे. तो चिडून म्हणाला, “साहेब, पोरगी आजारी होती तेव्हा रात्री अकराला पैसे मी दिले. तुमची बँक देते का? आता चौदा हजार मी कोणाकडे मागू?” मॅडम म्हणाल्या, “कोणाकडेच नाही. मागितलेत तर तो आणखी एक गुन्हा.” उत्तर कायद्याला धरून होतं. पण बँकेबद्दलचा त्याचा प्रश्न आमच्यापैकी कोणी घेतला नाही. तो अजून तिथेच पडून आहे, त्याच्याकडे मी परत येतो.

संध्याकाळी मुक्ततेचा दाखला द्यायचा होता. कायदा होऊन एकेचाळीस वर्षं झालेली, आणि आमच्या कचेरीच्या कपाटात त्या दाखल्याचा एकही कोरा नमुना नव्हता. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा सगळे होते. शेवटी टंकलेखकानं दुसऱ्या जिल्ह्यातून फोनवर मजकूर विचारून टाइप केला. तीन दाखले, मुलीचा वेगळा. गुन्हाही नोंदला गेला, पण या कायद्याखालचा गुन्हा जामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंत, १९७६मध्ये ठरला तेवढाच. त्या कुटुंबाला आम्ही पाड्यावर पोचवायच्या आत शेठ जामिनावर घरी पोचलेला होता.

कातकरी अनुसूचित जमातीत येतात, केंद्र सरकारच्या यादीत तर अतिमागास आदिवासी जमातींत. त्यामुळे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलमही लागतं. वेठबिगारीला लावणं त्यात स्पष्ट गुन्हा आहे. मॅडमनी पत्रामागून पत्र पाठवून ते कलम वाढवून घेतलं. आम्हाला वाटलं, आता दणका बसेल. इथे कायद्याची एक गंमत आहे, ती तेव्हा माझ्याही ध्यानात आली नाही. वेठबिगारीच्या कायद्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याला अधिकार देऊन झटपट, संक्षिप्त खटला चालवायची सोय आहे. माझ्या नोकरीत असा एकही खटला मी पाहिला नाही, पण सोय आहे. अ‍ॅट्रॉसिटी लागली की प्रकरण विशेष न्यायालयात जातं, आणि तिथे आधीच रांग असते. कलम जितकं कडक, तितकी तारीख लांब.

तारीख लांबल्यानं बिघडतं काय, ते पैशांत सांगतो. वेठबिगाराच्या पुनर्वसनाची योजना १९७८पासून आहे. तेव्हा माणशी चार हजार रुपये मिळायचे, पुढे वाढत वाढत वीस हजार झाले. २०१६मध्ये केंद्रानं मोठी उडी घेतली: पुरुषाला एक लाख, स्त्रीला आणि बालकाला दोन लाख, फार क्रूर शोषण असेल तर तीन लाख. कागदावर त्या कुटुंबाचे पाच लाख होत होते. पण लगेच मिळणार माणशी फक्त वीस हजार (२०२२पासून तीस हजार). बाकी सगळी रक्कम आरोपीच्या शिक्षेशी बांधलेली. जिल्हाधिकाऱ्याला सकृतदर्शनी वेठबिगारी दिसली तर प्रस्ताव अडवू नये असं योजनेत लिहिलं आहे, पण शेवटचं वाटप न्यायालयाच्या प्रक्रियेनंतरच. म्हणजे सरकारी वकील तयारीनं आला नाही, पंच फितूर झाला, शेठ सुटला, तर तीन वर्षं विटा थापलेल्या बाईचे दोन लाखही त्याच्याबरोबर सुटणार. कोणी कोणाला बांधलं आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो.

ते वीस-वीस हजारही लगेच मिळाले नाहीत. जिल्हा पातळीवर निदान दहा लाखांचा कायम निधी ठेवा, त्यातून तातडीची मदत द्या, असं योजना सांगते. आमच्याकडे तो निधी कागदावर होता. दोघांची बँकेत खाती नव्हती. आधार होतं तर त्यावर जन्मवर्ष चुकलेलं. पैसे जमा झाले सप्टेंबरच्या मध्यावर. त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या २५ तारखेला बसले होते. त्याआधीच त्या नवऱ्यानं शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या भट्टीची दहा हजारांची उचल घेतलेली होती.

शेठच्या प्रश्नाला इथे उत्तर द्यावं लागतं. कायदा मागचं कर्ज मारतो. येत्या भाद्रपदातल्या भुकेचं तो काही करत नाही. महाराष्ट्रात आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना १९७८पासून होती, नेमकी याच महिन्यांसाठी. ती मध्ये बंद पडली. करोनाच्या वर्षी खावटी अनुदान म्हणून परत आली: कुटुंबाला चार हजार, त्यातले दोन हजार खात्यावर आणि दोन हजारांचा शिधा, एका वर्षापुरते. माझ्या मते वेठबिगारीविरुद्धचा सर्वांत परिणामकारक कायदा खावटीचा झाला असता, दर वर्षी जुलै संपायच्या आत पाड्यावर पोचणाऱ्या हक्काच्या खावटीचा. त्याला कायदा म्हणायला आमच्या खात्यातले लोक हसतील. हसू देत.

शिक्षा वाढवा, गुन्हा अजामीनपात्र करा, अशी मागणी परिषदांमधून होते. दोन हजारांचा दंड आज हास्यास्पद आहे हे मान्य. पण शिक्षा वाढवून काय होतं ते मी पाहिलं आहे: अधिकारी दाखला लिहायला आणखी कचरतो. ‘वेठबिगार’ हा शब्द कागदावर आला की कलेक्टरला अहवाल, मानवी हक्क आयोगाला उत्तर, विधिमंडळात तारांकित प्रश्न. त्यापेक्षा ‘मजुरीचा वाद, आपसांत मिटला’ लिहिणं सोपं. १९७८-७९मध्ये गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्थेच्या पाहणीनं दहा राज्यांत २६ लाख १७ हजार वेठबिगार असल्याचा अंदाज काढला होता. २०१६पर्यंत देशभरात सरकारी नोंदीनं मुक्त झालेले जेमतेम २ लाख ८२ हजार. त्याच वर्षी केंद्रानं २०३०पर्यंत १ कोटी ८४ लाख जणांना मुक्त करायचं उद्दिष्ट जाहीर केलं. हे आकडे शेजारी ठेवले की दिसतं की माणसं आहेत, दाखले नाहीत. म्हणून दुरुस्ती करायची तर आधी तिथे करा. कायद्यात चौकशीला मुदत नाही, ती घाला. दाखला नाकारायचा असेल तर अधिकाऱ्यानं कारणं लेखी द्यावीत आणि त्यावर अपील असावं. आणि पुनर्वसनाची रक्कम दाखल्याला जोडा, शिक्षेला नको. शेठला शिक्षा होईल तेव्हा होवो.

प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती हवी, तीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य, समाजकार्यकर्ते आणि बँकेचा माणूस हवा, असं कलम १३ म्हणतं. बँकेचा माणूस कशाला, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. आमच्या समितीतला बँकवाला सहीपुरता यायचा. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला १९७६मध्येच शेठचा प्रश्न ठाऊक होता.

हे फक्त भट्ट्यांपुरतं आहे असं समजू नये. बीडकडची ऊसतोड मी कागदांवरच पाहिली आहे, पण तिथेही उचल आहे, मुकादम आहे, खाडा आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि पळालेल्या कोयत्यावर फसवणुकीची फिर्याद होते. कायद्याप्रमाणे उलटी फिर्याद व्हायला हवी. २०२२मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढ्यांमागे राबायला दिल्याचं एका मुलीच्या मृत्यूमुळे उघड झालं. पेपरांनी महिनाभर लिहिलं. मी निवृत्त होतो, घरी बसून वाचलं.

या वर्षी गणपतीच्या आधी तालुक्याच्या बाजारात ती बाई भेटली. मला तिनं ओळखलं, मी तिला ओळखलं नाही. पिशवीतून तिनं मुक्ततेचा दाखला काढला. लॅमिनेशन केलेला, कोपरे पिवळे पडलेले, खाली मॅडमची सही. पंचनाम्यावरची माझीही तिला आठवत होती. “साहेब, ह्याच्यावर आजून कायतरी भेटल का?” मी कचेरीत जाऊन चौकशी केली. खटला चालू आहे, आठवं वर्ष. आरोपपत्रातल्या साक्षीदारांत तिचं नाव पहिलं आहे आणि पुढची तारीख डिसेंबरातली, म्हणजे भट्टी ऐन भरात असताना. साक्षीला गेली तर त्या दिवसाचा खाडा पडेल.